आवाज थांबले, तरी पोरगं अंथरुणातच का?

दरवर्षी २४ मे हा जागतिक स्किझोफ्रेनिया दिन असतो. त्या आठवड्यात पेपरात आणि व्हॉट्सअॅपवर जे फिरतं ते बहुतेक भास आणि संशयाबद्दल असतं. कानात आवाज येतात, कुणीतरी पाळतीवर आहे असं वाटतं, लगेच डॉक्टरांना दाखवा. सल्ला योग्यच आहे. पण ज्या घरांनी तो ऐकला आणि औषध सुरू केलं, त्यांच्यापुढे दोन-तीन महिन्यांनी वेगळाच प्रश्न उभा राहतो. आवाज बंद झाले, झोप लागायला लागली, आदळआपट थांबली. पोरगं मात्र अकरा वाजेपर्यंत लोळतं. आंघोळीला चार वेळा सांगावं लागतं, मित्रांचे फोन उचलत नाही, पुस्तक उघडलं तर अर्धा तास त्याच पानावर. मग घरात दोन तट पडतात. बाबा म्हणतात आळस, आई म्हणते गोळ्यांची सुस्ती. आईचं म्हणणं कधीकधी बरोबर निघतं, बाबांचं क्वचितच.

## तीन प्रकारची लक्षणं

भास आणि संशयाच्या या अवस्थेला सायकोसिस म्हणतात, म्हणजे वास्तवावरची पकड सुटणं. तो एकच आजार नाही. स्किझोफ्रेनियात, बायपोलरमध्ये, तीव्र नैराश्यात, नशेमुळे, कधी शारीरिक आजारामुळेही तो दिसतो. सुरुवात बहुधा दहावी-बारावीनंतर ते पंचविशीपर्यंत होते, मुलींमध्ये थोडी उशिरा. पहिल्यांदा आजार उफाळला त्यानंतरची साधारण दोन ते पाच वर्षं हा सुरुवातीचा काळ धरतात. पुढचं बरंचसं याच काळात ठरतं.

नेहमीच्या मनात नसलेलं काही येऊन बसतं, जसे भास, भ्रम, असंबद्ध बोलणं, त्यांना धन लक्षणं म्हणतात. नेहमी असणारं काही कमी होतं, ती ऋण लक्षणं. ही पाच आहेत: काही सुरू करण्याची ऊर्मी कमी होणं, पुढे मजा येईल ही अपेक्षाच न उरणं, माणसांची ओढ कमी होणं, चेहऱ्यावर आणि आवाजात भाव न उमटणं, आणि बोलणं एक-दोन शब्दांवर येणं. तिसरा प्रकार आकलनक्षमतेचा, म्हणजे लक्ष, स्मरण, विचारांचा वेग, नियोजन यांत पडणारी घट.

शंभर वर्षांपूर्वीच क्रेपेलिन आणि ब्लॉयलर या मनोविकारतज्ज्ञांनी शेवटच्या दोन प्रकारांना आजाराच्या गाभ्याशी ठेवलं होतं. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन आलं, धन लक्षणांवर हुकमी गोळी मिळाली, आणि सगळ्यांची नजर तिकडे वळली. आजही ओपीडीत शांत बसलेल्या रुग्णाला सर्वांत कमी वेळ मिळतो. ओरडत नाही, मारत नाही, म्हणजे ‘स्टेबल’ आहे. मुलगी असेल तर आणखीच अवघड. घरात गप्प बसणारी, बाहेर न जाणारी मुलगी कुणाला खटकतच नाही. तिची ऋण लक्षणं ‘गुणी आहे’ या शब्दाखाली वर्षभर दडून राहू शकतात.

## पोहे करायला सांगून बघा

ऋण लक्षणं आणि आकलनातली घट बाहेरून सारखीच दिसतात: काम होत नाही. पण कारण वेगळं असल्यामुळे उपायही वेगळे, म्हणून फरक ओळखता आला पाहिजे. घरी एक साधं काम द्या आणि मध्ये न बोलता बघा. पोहे करायला सांगा.

पहिला मुलगा ‘हो’ म्हणतो आणि बसूनच राहतो. भूक लागलेली असते, पोहे आवडतातही, पण उठणं होत नाही. कुणी हात धरून ओट्यापाशी उभं केलं, ‘कांदा घे’ म्हटलं, की पुढचं सगळं नीट करतो आणि चवीने खातो. इथे सुरुवात अडली आहे. हे ऋण लक्षण.

दुसरा मुलगा सांगताक्षणी उठतो. तेल तापत ठेवतो, मोहरी टाकतो, आणि मग कांदा चिरायचा राहिला हे लक्षात येतं. कांदा चिरेपर्यंत फोडणी जळते. पोहे भिजवून निथळायला ठेवायचे होते, ते पाण्यातच राहून लगदा झालेला. इच्छा आहे, क्रम सुटतोय. ही आकलनातली घट.

बहुतेकांत दोन्ही थोडंथोडं असतं, आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो. चार वेळा फोडणी जळाली आणि घरच्यांनी ‘राहू दे, तुला नाही जमत’ म्हटलं, की पाचव्या वेळी ऊर्मीही जाते.

## नेमकं काय कमी होतं?

सर्वाधिक फटका बहुधा दोन ठिकाणी बसतो: विचारांचा वेग आणि ऐकलेलं लक्षात ठेवणं. वेग तपासायची चाचणी अगदी साधी असते. वर एक ते नऊ आकड्यांखाली नऊ खुणा दिलेल्या असतात, खाली नुसते आकडे, आणि ठरलेल्या थोड्याशा वेळात प्रत्येकाखाली त्याची खूण काढायची. चुका फारशा होत नाहीत, पण रकाने कमी भरले जातात. वर्गात याचा अर्थ असा की सर फळ्यावर पुढच्या ओळीला गेलेले असतात तेव्हा हा मागचीच उतरवत असतो. चार मित्रांच्या गप्पांतही तेच. याला उत्तर सुचेपर्यंत विषय बदललेला असतो, आणि हळूहळू तो गप्पांना जाणंच सोडतो.

स्मरणाचं उदाहरण रोजचं आहे. ‘दूध आण, कोथिंबीर आण, येताना इस्त्रीचे कपडे घे आणि किराणावाल्याला उद्या येतो म्हणून सांग.’ दूध येतं. बाकीचं तो विसरला असं आपण म्हणतो, खरं म्हणजे ते डोक्यात नीट शिरलेलंच नसतं. टोमणा आहे की कौतुक, समोरचा चिडलाय की थकलाय, हे चेहऱ्यावरून वाचणंही मंदावतं. त्यातून उगाच भांडणं होतात.

ही घट औषधांमुळे सुरू झालेली नसते. आजाराच्या पहिल्या झटक्याच्या वेळी, गोळी सुरू होण्याआधीही ती चाचण्यांत दिसते, आणि पुष्कळदा तिची सुरुवात त्याच्याही आधीची असते. ‘बारावीत एकदम मार्क पडले, आम्हाला नीटचं टेन्शन वाटलं’ हे वाक्य म्हणूनच इतक्या घरांतून ऐकू येतं. सरासरी काढली तर घट बरीच असते, पण माणसागणिक फार वेगळी. काहींची क्षमता शाबूत असते.

एक फसगत टाळा. आज तारीख कोणती, शंभरातून सात वजा करत जा, तीन शब्द सांगा, अशी पाच मिनिटांची तपासणी वृद्धांमधल्या स्मृतिभ्रंशासाठी बनलेली आहे. विशीतला मुलगा त्यात जवळपास पैकीच्या पैकी गुण घेतो आणि ‘स्मरणशक्ती उत्तम’ असा शेरा मिळतो. इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून व्यवस्थित चाचण्या हव्यात, आणि त्याही धन लक्षणं निवळल्यावर.

## आधी कारणांची छाननी

या लेखातला सर्वांत कामाचा भाग हाच आहे. मे महिन्यात कूलर गार हवा देत नसला की आपण थेट नवा आणत नाही. टाकीत पाणी आहे का, पंप अडकलाय का, वाळ्याच्या ताट्या कोरड्या पडल्यात का, हे पाहतो. तक्रार एकच, बिघाड वेगवेगळे. ‘काहीच करत नाही’ या तक्रारीचंही तसंच. दरवेळी तो मूळ आजारच असतो असं नाही, आणि इतर कारणांपैकी बरीच दुरुस्त होण्यासारखी असतात.

संशय अजून शिल्लक आहे का? आवाज थांबलेत, पण गल्लीतले लोक आपल्याबद्दल बोलतात असं वाटतं, म्हणून तो खोलीबाहेर येत नाही. ‘का जात नाहीस’ असं विचारू नका, ‘बाहेर गेलास तर काय होईल असं वाटतं’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘असंच’ हे उत्तर येतं, दुसऱ्याला कधीकधी खरं उत्तर येतं.

नैराश्य आहे का? ऋण लक्षणांत मन बहुधा रिकामं असतं. नैराश्यात ते जड असतं, अपराधी वाटतं, पहाटे जाग येते, जगण्यात अर्थ नाही असं बोललं जातं. भ्रम गेल्यावर ‘माझं काय होऊन बसलं’ हे पहिल्यांदा उमजतं, त्यामुळे हा टप्पा नाजूक असतो. पहिल्या झटक्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात आत्महत्येचा धोका जास्त असतो. मरणाचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारावं. विचारल्याने ते विचार डोक्यात घुसत नाहीत.

औषधाचा परिणाम आहे का? इथे आईचं खरं ठरू शकतं. मेंदूतलं डोपामाइन हे रसायन रोखणाऱ्या गोळ्यांनी काहींना पार्किन्सनसारखी लक्षणं येतात. ओळखायला सोपं आहे. अंगणात वीस पावलं चालायला सांगा आणि हात बघा. हात झुलत नाहीत, पावलं आखूड पडतात, डोळ्यांची उघडझाप कमी, उशीवर लाळ, अक्षर बारीक होत गेलेलं, असं असेल तर भावशून्य चेहरा हा ताठरपणा असू शकतो. डोस वाढवल्यानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत हे सुरू झालं का, ते तारखेसह लिहून डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं.

याच ताठरपणासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी जोडीला दिली जाते. ताठरपणा उतरतो, पण तिने स्मरणशक्ती मंदावते, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो आणि घाम कमी येतो. पुष्कळ चिठ्ठ्यांवर ती एकदा लिहिली जाते आणि मग कुणी काढतच नाही. ‘ही अजून लागते का?’ हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारायला हरकत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात तर विचाराच. पारा ४५ च्या आसपास असताना घाम न येणं हे संकट आहे. दुपारी अकरा ते पाच बाहेर पाठवू नये, तहान लागायची वाट न बघता पाणी द्यावं. अंग तापलेलं, कडक झालेलं आणि माणूस गोंधळलेला असेल तर तो उष्माघात असो वा औषधाची दुर्मीळ पण गंभीर प्रतिक्रिया, दोन्हींत ताबडतोब मोठं रुग्णालय गाठायचं.

नशा आहे का? गांजाने ऊर्मी आणि स्मरण दोन्ही खाली जातात आणि आजार उलटतो. तंबाखूचं गणित मात्र जरा विचित्र आहे. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही सायकोसिसवरची औषधं झपाट्याने संपवतं. खर्र्यात, म्हणजे चघळायच्या तंबाखू-सुपारीत, धूर नाही, म्हणून तो परिणामही नाही. विडी सोडून कुणी खर्र्यावर आला, किंवा दोन्ही सोडलं, तर तोच डोस अचानक जड होतो आणि मुलगा दिवसभर पेंगतो. विडी सोडणं चांगलंच, फक्त डॉक्टरांना आधी सांगा.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ या तपासण्या एकदा करून घ्याव्यात. स्वस्त आहेत, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नवलाचं नाही. शेवटचं कारण घरातच असतं: कुणी काही करूच देत नाही. ताट हातात, कपडे घडी करून कपाटात. सहा महिने कुणालाही असं ठेवलं तरी तो मंदावेल.

बोलणं, जेवण, हालचाल जवळजवळ बंद पडली आणि हात ज्या स्थितीत ठेवावा तिथेच राहतो, असं दिसलं तर ते ऋण लक्षण समजून थांबू नका. तो कॅटाटोनिया असतो. तातडीचा असतो, आणि त्यावर उपचार चांगले लागू पडतात.

## ‘पण मोबाईल तर तासन् तास बघतो की’

हा आक्षेप प्रत्येक घरात निघतो. रील बघायला काही सुरू करावं लागत नाही. एक संपली की दुसरी आपोआप येते, मागचं काही लक्षात ठेवायचं नसतं, पुढचं काही ठरवायचं नसतं. अडलेली नेमकी जी क्षमता, तिचीच तिथे गरज पडत नाही. ‘चुलतभावाच्या लग्नात तर मस्त नाचला’ हेही तसंच. अशा रुग्णांना समोर घडत असलेल्या गोष्टीतला आनंद बऱ्यापैकी मिळतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. कमी पडतो तो आधीचा अंदाज, की गेलो तर मजा येईल. म्हणून तो जात नाही, आणि नेलं तर रमतो.

याचा फायदा घेता येतो. एक वही करा. बाहेर निघण्याआधी ‘किती मजा येईल’ याला शून्य ते दहा गुण द्यायचे, परत आल्यावर ‘किती आली’ याला पुन्हा. आधी दोन, नंतर पाच, असे आकडे त्याच्याच अक्षरात पंधरा-वीस वेळा जमले की तुमच्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

## ‘मग डोस वाढवा किंवा नवी गोळी द्या’

मूळ ऋण लक्षणांवर आणि आकलनावर आजच्या गोळ्यांचा परिणाम तोकडा आहे. डोस वाढवून ती सुधारत नाहीत, उलट सुस्ती आणि ताठरपणा वाढतो. कॅरिप्राझिन या औषधाने ऋण लक्षणांत रिस्पेरिडोन या जुन्या औषधापेक्षा जास्त सुधारणा दाखवली, असा २६ आठवड्यांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. फरक खरा होता, पण मध्यम. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये डोपामाइनला थेट न अडवणाऱ्या, दोन औषधं एकत्र असलेल्या एका नव्या गोळीला मान्यता मिळाली, त्याचे फॉरवर्ड अजून फिरतात. आकलनासाठी ती देण्याइतका पुरावा मात्र जमलेला नाही. खास आकलनासाठी बनवलेलं आयक्लेपर्टिन जानेवारी २०२५ मध्ये शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्यांत नापास झालं.

याचा उलटा अर्थ काढून गोळी बंद करणं सर्वांत महागात पडतं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, पहिल्या आजारातून सावरल्यावर औषध थांबवणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट निघाला. आजार वारंवार उलटला की सावरणं अवघड होत जातं.

## मग करायचं काय?

काम लहान करा, इतकं लहान की नाही म्हणणंच अवघड जावं. ‘अभ्यासाला बस’ हे मोठं झालं. ‘साडेदहाला टेबलाशी बसून एक उतारा वाच’ हे चालेल. वेळ आणि जागा रोज तीच ठेवा, आणि आधीच्या एखाद्या सवयीला बांधा: चहा झाला की चप्पल घालायची. पहिले दोन आठवडे एकच काम. ते आठवड्यातून पाच दिवस जमू लागलं की दुसरं जोडा. पहिल्याच सोमवारी उठणं, व्यायाम, अभ्यास, प्राणायाम असं वेळापत्रक भिंतीवर लागतं आणि गुरुवारपर्यंत सगळं कोसळतं, हा नेहमीचा अनुभव आहे.

सूचना एका वेळी एकच द्या. सामानाची यादी कागदावर, फोनवर अलार्म, दाराला किल्ली-पाकीट-गोळी अशी चिठ्ठी. यात लाजण्यासारखं काही नाही, चष्म्याला कुणी लाजत नाही. झालेल्या कामाचं नाव घेऊन बोला. ‘आज बोलावल्याशिवाय उठलास’ हे ‘शाब्बास’पेक्षा जास्त पोचतं. सततची टीका आणि अति काळजी, दोन्हींनी आजार उलटण्याची शक्यता वाढते, हे १९७० च्या दशकापासून वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

दम लागेल असं चालणं किंवा सायकल, आठवड्यातून तीन-चार वेळा, अर्धा-पाऊण तास: यानेही आकलनाला मदत होते. उन्हाळ्यात ते सकाळी साडेसहाच्या आत उरकावं लागेल, म्हणजे त्या महिन्यांत आधी झोपेची वेळ सरकवायची.

याशिवाय कॉग्निटिव्ह रेमेडिएशन नावाचा प्रशिक्षित व्यक्तीने करून घ्यायचा सराव असतो. साधारण आठवड्याला दोन-तीन बैठका, तीन महिने किंवा जास्त. नुसते मोबाईलवरचे ‘ब्रेन गेम’ खेळून त्या खेळात हात बसतो, बाजारहाट सुधारत नाही. सरावात वापरलेली युक्ती खऱ्या कामात कशी लावायची हे बोलून घेतलं जातं तेव्हा फायदा टिकतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने पहिल्या झटक्याच्या रुग्णांसाठी कागद-पेन्सिलीचे, घरी करता येतील असे सराव वापरून पाहिले आहेत, तेव्हा महागडा संगणक लागतोच असं नाही.

## ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल’

येत नाही. नवं घर, नवी माणसं, प्रत्येकाचा चेहरा वाचणं, जागरणं, पैशाचा ताण: जे कमी पडतंय त्याचीच एकदम परीक्षा. आजार लपवून केलेल्या लग्नात गोळ्याही लपवाव्या लागतात, आणि मग सुटतात. आधी स्वतःचा दिवस स्वतः चालवता येऊ द्या, आणि पुढे लग्न ठरलंच तर आजार सांगून.

## ‘दहावीला ८८ टक्के होते, आता बुद्धी गेली का?’

गेली नाही. हा स्मृतिभ्रंश नव्हे. सुरुवातीच्या वर्षांत घट बहुतेकांत साधारण त्याच पातळीवर राहते, दरवर्षी खाली जात नाही. वाचलेलं, शिकलेलं, शब्दसंग्रह बराचसा टिकतो. डिग्री सोडण्यापेक्षा एक सत्र गॅप घ्या, परतल्यावर विषय कमी घ्या, वर्ग रेकॉर्ड करायची परवानगी मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि ४० टक्के किंवा अधिकचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ मागता येतो. मात्र पहिल्याच वर्षी त्यासाठी धावपळ करू नये. त्या वर्षात चित्र फार बदलतं.

## नागपुरात कुठे?

मेडिकल, मेयो, एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय या चारही सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणत्या वारी असतात आणि चाचण्यांसाठी वेगळी वेळ घ्यावी लागते का, हे आधी विचारून घ्या, नाहीतर अर्धा दिवस रांगेत जातो आणि चाचणीची तारीख पुढची मिळते. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

जाताना एक कागद न्या. डावीकडे गोळ्यांची नावं, डोस आणि प्रत्येक बदलाची तारीख. उजवीकडे त्याच आठवड्यांत दिसलेला फरक: उठण्याची वेळ, आंघोळ सांगून की न सांगता, किती शब्द बोलला, बाहेर किती वेळा गेला. तळाशी विडी-खर्रा-गांजाची खरी नोंद. ‘काहीच करत नाही’ या वाक्यावर डॉक्टर फार काही ठरवू शकत नाहीत. ‘डोस वाढवल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून हात झुलणं बंद झालं’ यावर त्याच भेटीत चिठ्ठी बदलू शकते.